४७ पैसे कुठून आले : केळीच्या हिशोबात सापडलेली एक मूळ संख्या

प्रसंग

चोपडा तालुक्यातल्या एका केळी व्यापाऱ्याकडे तीस वर्षं हिशोब लिहिणारे आप्पा गेल्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी माझ्या घरी आले. हातात कॉम्प्युटरवरून काढलेले चार कागद होते. त्यांची नात माझ्या दहावीच्या वर्गात आहे, ओळख तेवढीच. कागद ओट्यावर ओळीने मांडत ते म्हणाले, "गुरुजी, हाऊ आकडा हालत नही."

चारही कागदांच्या तळाशी 'एप्रिलपासून एकूण विक्री' या ओळीत एकच रक्कम होती : २,१४,७४,८३६.४७ रुपये. कागद मात्र चार वेगवेगळ्या दिवसांचे. या चारही दिवशी गाड्या भरल्या गेल्या होत्या आणि काटा पावत्या फाटल्या होत्या. प्रत्येक गाडीची नोंद कॉम्प्युटरमध्ये बरोबर चढलेली होती. एकूण बेरीज तेवढी जागची हलत नव्हती. सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला तर त्याने मशीन बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं होतं. तेही करून झालं होतं.

आप्पांनी रोजमेळ सोडलेला नाही. कॉम्प्युटर आला तरी ते हाताने बेरीज करतातच, आणि या प्रकरणात तीच सवय कामाला आली. आकडा अडकण्याच्या आदल्या दिवशी बेरीज २,१३,६२,४१० रुपये होती. दुसऱ्या दिवशी १,८७,३२५ रुपयांची एक गाडी गेली. रोजमेळ सांगत होता २,१५,४९,७३५. कॉम्प्युटर त्यापेक्षा ७४,८९८ रुपये ५३ पैसे कमी दाखवत होता, आणि पुढच्या प्रत्येक गाडीबरोबर ही तूट वाढत चालली होती. बँकेकडे कर्जाच्या नूतनीकरणासाठी उलाढाल द्यायची होती, म्हणून काळजी.

मी तुटीकडे बघत होतो. आप्पांचं बोट मात्र शेवटच्या दोन आकड्यांवर होतं. "आमच्या बिलात पैसे नसतातच, गुरुजी. सगळं रुपयात. मग हे ४७ पैसे आले कुठून?"

सगळ्या प्रकरणाची किल्ली याच प्रश्नात होती, आणि तो मला सुचलेला नव्हता. पूर्ण रुपयांची बेरीज कितीही चुकली तरी तिला पैसे चिकटणार नाहीत. म्हणजे हा आकडा बेरजेतून आलेलाच नव्हता. मी दशांश चिन्ह काढून सगळे अंक सलग लिहिले : २१४७४८३६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. गणिताच्या माणसाला ही संख्या ओळखीची असते. २ चा ३१ वा घात, वजा १.

अडकलेला आकडा

बिघाडाचा भाग लवकर संपला, तो थोडक्यात सांगतो. सॉफ्टवेअर रक्कम पैशांत साठवत होतं. पद्धत चांगली आहे, अपूर्णांकाचा घोळ राहत नाही. पण एकूण बेरजेसाठी त्याने ३२ बिटांची जागा ठेवली होती. बिट म्हणजे एक घर, त्यात ० किंवा १ बसतो. ३२ घरांपैकी एक घर अधिक-उण्याच्या खुणेला जातं, उरतात ३१. एकतीसही घरांत १ भरला की होणारी संख्या म्हणजे १ + २ + ४ + ८ असं दुप्पट करत एकतीस पदांची बेरीज, आणि ती येते २१४७४८३६४७. यापुढे जागाच नाही. अशा वेळी काही प्रणाली चूक दाखवून थांबतात. काहींत आकडा उलटा फिरून उणे होतो. इथे साठवण आपल्याला लिहिता येईल तो सर्वांत मोठा आकडा लिहून गप्प बसत होती. हा तिसरा प्रकार मला सगळ्यांत वाईट वाटतो. उणे आकडा निदान कोणाच्या तरी डोळ्यांत खुपतो.

जागा ६४ बिटांची करून घेतली, मूळ नोंदींवरून बेरीज पुन्हा काढली आणि ती रोजमेळाशी रुपयान् रुपया जुळली. आप्पांनी विचारलं, "आता कुठे अडकेल?" नवी मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पैशांची आहे. 'लीलावती'त भास्कराचार्यांनी दशमान स्थानांची अठरा नावं दिली आहेत, शेवटचं परार्ध, म्हणजे १ वर सतरा शून्यं. त्या मापाने ही मर्यादा ९२ परार्ध पैशांच्या वर जाते. आप्पा समाधानाने उठले.

खरं प्रकरण दुसऱ्या दिवशी वर्गात सुरू झालं.

दोन प्रश्न एकमेकांत मिसळले

मी ही हकिगत दहावीला सांगितली आणि ओघात म्हणून गेलो की ही संख्या मूळ आहे, १ आणि ती स्वतः सोडली तर तिला कोणीही भागत नाही. आप्पांच्या नातीने हात वर केला. "सर, मूळ संख्या आहे म्हणूनच ती अडकली का? फुटत नाही म्हणून?"

हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नाही. एकाच संख्येत दोन विलक्षण गोष्टी दिसल्या की एक दुसरीचं कारण असेल असं मोठ्या माणसांनाही वाटतं. मी फळ्यावर मर्यादांची ओळ मांडली. ८ बिटांच्या जागेची मर्यादा १२७, म्हणजे २ चा ७ वा घात वजा १. १६ बिटांची ३२७६७, म्हणजे १५ वा घात वजा १. ३२ बिटांची आपली संख्या. ६४ बिटांची ६३ वा घात वजा १. यातली १२७ मूळ आहे. ३२७६७ मात्र ७ × ३१ × १५१ अशी फुटते, तरी १६ बिटांच्या जागेत हिशोब ठेवला असता तर तो ३२७ रुपये ६७ पैशांवर तसाच अडकला असता. ६३ हा ३ च्या पटीत असल्यामुळे शेवटच्या संख्येला ७ ने भाग जातो. चारपैकी दोन मूळ, दोन संयुक्त, आणि अडकतात चारही. अडकण्याचं कारण घरांची संख्या. मूळ असणं हा त्या संख्येचा वेगळा गुण, त्याचा जागेशी काही संबंध नाही.

घात मूळ असला की संख्या मूळ होते, असा तर्क एका मुलाने काढला : ७ मूळ, ३१ मूळ, १५ आणि ६३ संयुक्त. तर्क सुंदर होता आणि अर्धा खराही. घात संयुक्त असेल तर संख्या नक्की फुटते. पण उलट खरं नाही. ११ मूळ असूनही २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. फ्रेंच पाद्री मारँ मर्सेन याने १६४४ मध्ये कोणत्या घातांना अशी संख्या मूळ येते याची यादी दिली होती. तिच्यात ३१ बरोबर होता, ६७ चूक होता. पुढे १९०३ मध्ये फ्रँक कोल याने ६७ व्या घाताची संख्या १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ अशी फोडून दाखवली.

मग त्याच मुलीने विचारलं, "मग ही मूळ आहे हे कशावरून? तुम्ही सांगितलं म्हणून?"

मी ते पुस्तकातून घेतलं होतं. स्वतः कधी तपासलेलं नव्हतं. पंचवीस वर्षं गणित शिकवतो, आणि ही गोष्ट वर्गासमोर कबूल करताना मला अवघड गेलं नाही, उलट हुरूप आला. ठरलं की तपासायचं, आणि कॉम्प्युटरला शेवटपर्यंत हात लावायचा नाही.

४,८०० वरून ३७२ वर

सरळ मार्ग सगळ्यांना माहीत असतो : वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघा. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६०० होतो, ४६३४१ चा २१४७४८८२८१, म्हणजे ४६३४० पर्यंत जायचं. तिथवर सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत. दहा अंकी संख्येला तितके भागाकार हाताने होणार नाहीत.

अठराव्या शतकातला गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यानेही ते केले नाहीत. त्याने १७७२ मध्ये योहान (तिसरा) बर्नुली याला लिहिलेल्या पत्रात ही संख्या मूळ असल्याचं कळवलं. तेव्हा तो पीटर्सबर्गमध्ये होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. त्याची युक्ती अशी की विभाजक असलाच तर तो कसा दिसेल हे आधी ठरवायचं आणि तसे दिसणारेच तपासायचे.

मुलांना मी ते आठवडे बाजाराने समजावलं. बाजार दर सात दिवसांनी भरतो. आज बाजार आहे आणि अमुक दिवसांनीही बाजार आहे असं कळलं, तर तो 'अमुक' आकडा सातच्या पटीतला असणार. आता २ चे घात घ्या आणि प्रत्येकाला एखाद्या मूळ संख्येने, तिला क म्हणू, भागून बाक्या लिहा. बाक्यांचं चक्र ठरावीक पावलांनी पुन्हा १ वर येतं. क ने आपल्या संख्येला भाग जात असेल तर ३१ व्या पावलावर बाकी १ असणार, म्हणजे चक्राची लांबी ३१ ला भागणारी. ३१ मूळ आहे, त्यामुळे लांबी ३१ च, कारण १ असू शकत नाही. दुसरीकडे फर्माच्या नियमाने क-१ व्या पावलावरही बाकी १ असतेच. म्हणून क-१ हा ३१ च्या पटीत हवा. क विषम, तेव्हा ६२ च्या पटीत हवा.

दुसरी अट थोडी खोल आहे. ३१ व्या घाताची बाकी १, तर ३२ व्या घाताची २. पण ३२ वा घात म्हणजे १६ व्या घाताचा वर्ग. म्हणजे क च्या जगात २ ही एका वर्गाची बाकी झाली. असं फक्त ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरणाऱ्या मूळ संख्यांतच घडतं. ही एकच गोष्ट मी मुलांकडून मान्य करून घेतली, पण तीही फळ्यावर चाचपून : ७ मध्ये ३ चा वर्ग, १७ मध्ये ६ चा, २३ मध्ये ५ चा, ३१ मध्ये ८ चा वर्ग बाकी २ देतो. ३, ५, ११, १३ मध्ये कितीही शोधा, सापडत नाही.

दोन्ही अटी एकत्र केल्या की साचे दोनच उरतात : २४८ च्या पटीत १ मिळवून येणारे, आणि २४८ च्या पटीत ६३ मिळवून येणारे. ऑयलरचे साचेही हेच. ४६३४० पर्यंत पहिल्या साच्यात १८६ संख्या बसतात. दुसऱ्यात १८७, पण त्यातली पहिली खुद्द ६३, ती मूळ नाही, म्हणून १८६. एकूण ३७२.

स्वयंस्फूर्तीने थांबलेली मुलं बारा होती. ३७२ भागिले १२ बरोबर ३१. प्रत्येकाच्या वाट्याला ३१ संख्या आल्या तेव्हा वर्गात जो गलका झाला तो मी विसरणार नाही, जरी तो निव्वळ योगायोग होता.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी नातीबरोबर जुन्या खतावण्यांच्या कोऱ्या पानांचा गठ्ठा पाठवला, मुलांना आकडेमोडीला. मला एकदम पाटण आठवलं. आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणादेवीच्या परिसरातला तो शिलालेख १२०७ सालचा आहे, आणि भाऊ दाजींमुळे तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांसमोर आला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, आणि पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला येईल त्यावरचा गिऱ्हाइकांकडून राजाला मिळणारा कर या मठाला दिला, असं त्या लेखाच्या जुन्या मराठी भागात कोरलेलं आहे. खानदेशात बाजाराच्या पैशावर गणिताची शाळा चालायची. आठशे वर्षांनी केळीच्या पेढीवरून वह्यांचे कागद आले, तेव्हा माझ्या मनात हा धागा जोडला गेला.

सहा संध्याकाळी

काम दोन टप्प्यांचं होतं. आधी प्रत्येकाने आपल्या ३१ संख्यांतल्या संयुक्त संख्या काढून टाकायच्या. त्यासाठी २१५ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. उरलेल्या मूळ संख्यांनी मग मोठ्या संख्येला तपासायचं. गाळणीनंतर सगळ्यांच्या मिळून शंभराच्या आतच उरल्या. सुरुवातीच्या ३११, १३०३, १४८९.

तपासायला दहा अंकी भागाकार करायची गरज नव्हती. १६ वा घात ६५५३६ आहे. त्याला क ने भागून बाकी घ्या, बाकीचा वर्ग करा, पुन्हा क ने भागा. शेवटी २ उरले तर विभाजक सापडला, दुसरं काहीही उरलं तर क बाद. १४८९ घ्या : १४८९ × ४४ = ६५५१६, बाकी २०. वीसचा वर्ग ४००. चारशे म्हणजे दोन नव्हेत, संपलं. २७२९ ला बाकी ४० येते, वर्ग १६००, तीही बाद. असे सोपे आले की मुलं खूश व्हायची.

पहिल्याच संध्याकाळी स्फोट झाला. ज्याच्याकडे ३११ होती तो मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, दोन उरले!"

त्याचं मांडणं स्वच्छ होतं. ६५५३६ ला ३११ ने भागल्यावर २२६ उरतात. ३११ ला ८५ कमी, म्हणून वर्ग ८५ चा घेतला तरी चालतो, आणि हे त्याने स्वतः ओळखलं होतं. ८५ चा वर्ग ७२२५. त्यातून ३११ × २३ वजा करायचे, ते त्याने काढले ७२२३. बाकी २. ऑयलरपासून मानलेली मूळ संख्या चोपड्यात ३११ ने फुटली होती!

मी चूक शोधून दाखवली नाही. त्याला म्हटलं, मग पूर्ण भागाकार कर आणि दुसरा अवयव सांग. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. भागाकार आला ६९०५०९२, बाकी ३५. बाकी शून्य नव्हती. म्हणजे दोन हिशोबांपैकी एक चुकलेला. वीस मिनिटांनी त्यानेच सापडवलं. ३११ × २३ साठी त्याने ९३३ खाली ६२२० लिहिले होते, आणि बेरीज करताना मधला २ त्याला ९ दिसला. देवनागरीतले २ आणि ९ घाईत सारखेच उमटतात. ९३३ आणि ६२९० मिळून ७२२३. खरी बेरीज ७१५३, बाकी ७२. बहात्तर म्हणजे ३२ व्या घाताची बाकी, तिची निम्मी ३६ ही ३१ व्या घाताची, आणि त्यातून १ गेला की ३५. भागाकारातल्या बाकीशी तंतोतंत.

त्या क्षणी आमची पद्धत तयार झाली. यापुढे प्रत्येक मूळ संख्या दोघांनी स्वतंत्रपणे तपासायची, एकाने ६५५३६ च्या वाटेने, दुसऱ्याने सरळ भागाकाराने, आणि ३६ व ३५ सारखी जोडी जुळली तरच शेजारी खूण करायची. काम दुप्पट झालं. पण त्या मुलाच्या चुकीमुळे बाकी अकरा जणांना स्वतःच्या आकड्यांवर संशय घ्यायची सवय लागली. मी नुसतं सांगून ती लागली नसती.

याहून मोठी चूक तिसऱ्या संध्याकाळी निघाली, आणि तिने आवाज केला नाही. एकीने १३०३ ला '३१ ने भाग जातो' म्हणून काट मारली होती. ३१ × ४२ = १३०३, असं तिच्या कागदावर. खरा गुणाकार १३०२. काट मारलेली संख्या पुढे कोणी तपासणारच नव्हतं. माझी नजर तिथे थांबली ती एकाच कारणाने : आमच्या ३७२ पैकी कोणत्याच संख्येला ३१ ने भाग जाऊ शकत नाही. २४८ ही ३१ ची आठपट आहे, त्यामुळे पहिल्या साच्यात ३१ ने भागल्यावर नेहमी १ उरतो, आणि ६३ म्हणजे ६२ + १ असल्याने दुसऱ्यातही १ च. १३०३ परत यादीत आली. तिची बाकी ३८६, वर्ग १४८९९६, त्यातून उरतात ४५४. बाद, पण आता तपासून बाद.

या दोन चुकांतला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो आणि मी तो मुलांपुढे बराच वेळ मांडला. एका मुलाने ४६१२९ ही संख्या मूळ समजून ठेवली होती, कारण तो १५० च्या पुढच्या मूळ संख्यांनी भागायचा थांबला होता. खरं तर ४६१२९ = १६३ × २८३. त्याने ती विनाकारण तपासली, अर्धा तास गेला, पण सिद्धतेचं काही बिघडलं नाही. जास्तीची संख्या तपासल्याने दावा कच्चा होत नाही. १३०३ सारखी एक जरी सुटली असती, तर बाकी सगळं बरोबर असूनही आमच्याकडे सिद्धता नसती. केळीच्या काट्यावर एखादा घड दोनदा मोजला तर फेरमोजणीत निघतो. न मोजता गाडीत गेला तर गेलाच.

यादीत २०४७ भेटली तेव्हा मीच थांबलो. २४८ × ८ + ६३. ही तीच, ११ व्या घाताची फुटकी संख्या, आता मोठ्या बहिणीच्या विभाजकाची उमेदवार म्हणून रांगेत. कारण शोधायला सोपं आहे : २ चा ५ वा घात ३२, म्हणजे ३१ पेक्षा एक जास्त, त्यामुळे दर पाच घातांनी ३१ ने येणारी बाकी तीच राहते. ६३ हा ६ व्या घाताचा वजा १, २०४७ हा ११ व्याचा. शेजारच्या बाकावर दोन मुली हे वहीत उतरवून घेत होत्या, त्यांनी पुढचा १६ व्या घाताचा ६५५३५ स्वतःच काढला आणि तो ४६३४० च्या बाहेर जातो म्हणून नाराज झाल्या.

सहाव्या संध्याकाळी शेवटची जोडी जुळली. कुठेही २ उरले नव्हते. मग मात्र मी कॉम्प्युटर उघडला आणि मुलांच्या यादीतल्या मूळ संख्या व बाक्या पडताळल्या. एकही सुटलेली नव्हती.

शेजारी

आप्पा त्या दिवशी नातीला न्यायला आले होते. त्यांनी विचारलं, "फुटत नाही हे कळलं. त्याचा उपयोग काय?"

१८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने असंच म्हटलं होतं, की अशा संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, म्हणून यापुढची कोणी शोधायला जाणार नाही. फ्रेंच गणितज्ञ लुकास याने १८७६ मध्ये १२७ व्या घाताची ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली १३६२७९८४१ व्या घाताची मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकांची आहे. पण आप्पांना मी उपयोगाचं उदाहरण आमच्याच संख्येचं दिलं. कॉम्प्युटरला सोडतीसारखे आकडे हवे असतात तेव्हा वापरली जाणारी एक प्रसिद्ध रीत अशी : हातातल्या आकड्याला १६८०७ ने, म्हणजे ७ च्या ५ व्या घाताने गुणायचं आणि २१४७४८३६४७ ने भागून बाकी घ्यायची. पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये हीच रीत किमान दर्जा म्हणून सुचवली. शून्य सोडून त्या संख्येपेक्षा लहान अशा कोणत्याही आकड्यापासून निघा, २१४७४८३६४६ पावलं चालल्याशिवाय तोच आकडा पुन्हा येत नाही. बाजाराच्या चक्राचीच गोष्ट, फक्त चक्र मिळू शकेल तितकं लांब. इथे मात्र मूळ असण्याचाच उपयोग आहे. संख्या संयुक्त असती तर एवढं लांब चक्र मिळालंच नसतं.

मला स्वतःला तिच्यातलं सगळ्यांत आवडतं ते तिचे शेजारी. वरची २१४७४८३६४८ म्हणजे नुसते दोन, एकतीस वेळा. खालची २१४७४८३६४६ म्हणजे २ × ३२७६७ × ३२७६९, आणि तिचा पार भुगा होतो : २, ३, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१. सगळ्यांत मोठा तुकडा ३३१. १६ बिटांची मर्यादा, तीच ३२७६७, तिथे आत बसलेली. या दोघींच्या मधोमध आमची संख्या, जिला बारा मुलांनी सहा संध्याकाळी जोर लावला आणि एक टवका निघाला नाही.

पुढची पायरी मुलांनीच काढली. ६१ वा घात वजा १ हीसुद्धा मूळ आहे, ती अशीच तपासायची का? वर्गमूळ सुमारे १५१ कोटी ८५ लाख. साचे आता ४८८ च्या पटीतले दोन. उमेदवार निघाले ६२ लाखांच्या वर. आप्पांच्या नातीने आमच्या ३७२ ला लागलेल्या सहा दिवसांवरून त्रैराशिक मांडलं आणि उत्तर आलं पावणेतीनशे वर्षं, तेही प्रत्येक भागाकार तेवढाच सोपा राहिला तर. पण १८८३ मध्ये रशियातल्या इव्हान पेर्वुशिन नावाच्या गावाकडच्या पाद्र्याने ती मूळ असल्याचं हातानेच सिद्ध केलं होतं, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग त्यांची वाट वेगळी असणार."

वाट वेगळी आहे, लुकासची. ४ पासून निघायचं, वर्ग करून २ वजा करायचे, आपल्या संख्येने भागून बाकी घ्यायची, पुन्हा तेच. घातापेक्षा दोन कमी इतक्या पावलांनी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर संयुक्त. विभाजक एकही शोधावा लागत नाही. १२७ साठी तिने ते फळ्यावर करून दाखवलं : ४, १४, ६७, ४२, १११, ०. पाच पावलं.

आता तिच्या वहीत १३ वा घात वजा १, म्हणजे ८१९१ चालू आहे. अकरा पावलं लागतील. काल शाळा सुटताना ती सातव्यावर होती : ४, १४, १९४, ४८७०, ३९५३, ५९७०, १८५७, ३६.